पोत्याला सुतक नसतं

फडकं वेगळं आणि चिंधी वेगळी. पुष्कळांना हा फरक कळत नाही, म्हणून तो आधी सांगतो. ज्याला घरात अजून काही काम आहे ते फडकं. भांडं उतरवायला, पोराचं नाक पुसायला, जात्याखाली अंथरायला. घरातल्या बाईनं दोनदा टाकायला उचललं, दोनदा परत ठेवलं आणि तिसऱ्यांदा दाराबाहेर भिरकावलं, की ती चिंधी झाली. तिथून पुढं ती माझी.

या अंकाचे संपादक माझ्या नातवाचे मास्तर आहेत. ते म्हणाले, "आबा, धंद्याच्या आठवणी लिहा, तेवढंच मन रमेल." माझी बायको चैत्रात वारली. तेव्हापासून जो तो माझं मन रमवायला टपलेला आहे. कुणी भजनाला बोलावतो, कुणी तंबाखू आणून देतो. मन काय तान्हं पोर आहे का खुळखुळ्यानं रमायला. पण मास्तर भला माणूस आणि शाई त्यांचीच, म्हणून लिहितो. माझं शिक्षण दुसरी पास. तिसरीत मेंढरं आडवी आली. शुद्धलेखन मास्तरांनी बघून घ्यावं.

माझ्या तरुणपणी जुन्नरला हातकागद व्हायचा. कारखाना म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं धुराडं येईल, तसलं काही नव्हतं. कुकडीच्या काठाला एक लांब पडवी, बाहेर चुन्याचा खड्डा, आत दोन हौद आणि पायानं दाबून कुटायची लाकडी ढेकी. मालक चांदभाई. चिंध्या भिजवायच्या, चुन्यात मुरवायच्या, कुटायच्या, नदीत धुवायच्या आणि परत चुन्यात घालायच्या. असं करत पिठल्यासारखा लगदा झाला की तो हौदातल्या पाण्यात कालवायचा आणि काड्यांच्या चाळणीनं वर उचलायचा. चाळणीवर जी साय धरते तो कागद. भिंतीला थापून वाळवायचा, तांदळाची खळ लावायची, गुळगुळीत दगडानं घोटायचा. मी गावोगाव फिरून माल आणायचो. माझी बायको ठकू पडवीत बसून तो निवडायची.

निवडण्यावर सगळा कागद अवलंबून. चांदभाईंच्या पडवीत चार ढीग असायचे. ताग आणि अंबाडी अव्वल, म्हणजे गोणपाट, दावी, चऱ्हाटं, मासे धरायची जुनी जाळी. डिंभ्याकडं घोड नदीत जाळी टाकणारे लोक होते, त्यांचं फाटकं जाळं मिळालं तर चांदभाई मला चहा पाजायचे. वास मात्र असा, की माझं गाढव मान वळवून चालायचं. पांढरं सुती कापड दुय्यम. रंगीत कापड आणि गोधड्यांची लक्तरं सोयम. त्याचा मातकट कागद व्हायचा, पुड्या बांधायला नाहीतर फटाके वळायला. आणि लोकर, रेशीम, केस, चामडं हे रद्द. लोकर कुटली तर तिचं पीठ होत नाही, उलट गोळा घट्ट होतो. एक धागा लगद्यात गेला तरी कागदाला गाठ येते. संशय आला की ठकू धागा ओढून दिव्यावर धरायची. सुताला जळक्या पानाचा वास, लोकरीला जळक्या केसांचा.

आता आमची जात धनगराची. ज्या लोकरीवर माझे आजे-पणजे जगले ती इथं शेवटच्या ढिगात. चांदभाई हसून म्हणायचे, "क्या करें भाई, तुझी घोंगडी आमच्या हौदाला हराम आहे." कामावर येताना मला ती दाराबाहेर झटकून ठेवावी लागायची, थंडी असो की पाऊस.

चिंधीला मी पैसे देत नसे. सुया, दोरा, काळे मणी, फुटाणे असा बदला. मढला एक म्हातारी होती. दर फेरीला तीच एक चिंधी आणून द्यायची, मूठभर फुटाणे घ्यायची, आणि खाऊन झाले की चिंधी परत मागायची.

"त्यात माझ्या मालकाचा घाम हाय रं, बाबा."

"मग फुटाणे द्या की परत, आजी."

"तोंड उघडते. घे काढून."

बोरी बुद्रुकला एका गड्यानं बायकोशी भांडून तिचं कोरं लुगडं माझ्या गोणीत कोंबलं. मी नको नको म्हणत होतो. तो म्हणाला, "घे म्हनतो ना. कागद होऊ दे तिचा. कागद उलट बोलत न्हाई." मी शिवेपर्यंतही पोचलो नव्हतो, तोच ती बाई खुरपं घेऊन मागून आली. लुगडं तर नेलंच, वर माझ्या गोणीतल्या चार बऱ्या चिंध्या वेचून घेतल्या. का, तर पळून पळून तिच्या पायात काटा मोडला होता.

एक गोष्ट मात्र या धंद्यात लवकर शिकलो. माणूस जिवंत असेतोवर धोतर सोडत नाही. धोतर विरलं की त्याचा पंचा होतो, पंच्याचा लंगोट, लंगोटाची पोराची झबली, झबल्याचं पोतेरं. एखाद्या घरातून धडसं पांढरं कापड आपणहून बाहेर आलं, तर समजावं की तिथं कुणीतरी गेलं. मग मी बदल्यात काय देतोय ते कुणी बघत नसे, आणि मीही आवाज न करता पुढं सरकायचो. प्लेगच्या घरचं मात्र कापड घ्यायचं नाही, जळू द्यायचं, हा चांदभाईंचा नियम होता. त्या वर्षांत चिंधीवाला लांबून दिसला तरी लोक दगड उचलायचे. त्यांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही.

प्लेग ओसरला तेव्हा बाजारात गिरणीचा कागद येऊन बसला होता, गुळगुळीत आणि स्वस्त. चांदभाईंचा एक हौद कोरडा पडला. दुसरा कधी चालायचा, कधी नाही. अशात माझा मेव्हणा म्हाकू मेंढरं घेऊन नदीकाठी उतरला आणि आमच्या खोलीत येऊन बसला.

"दाजी, किती दिस लोकांच्या ढुंगनाची फडकी उपसनार? चला. माझ्याकडं मेंढरं हायेत, मानूस न्हाई."

"बघू," मी म्हणालो.

"बघायचं काय? कोकनात उतरताना मी काय परत इचारायला येनार न्हाई. ठके, तू सांग ह्यांस्नी."

ठकू भाकरी थापत राहिली. तिचा जन्म कळपामागं गेला होता. आज इथं, चार दिवसांनी तिथं. घोड्यावर बोचकं, बोचक्यावर कोंबडी, कोंबडीशेजारी पोर. आमचं पहिलं लेकरू असंच वाटेवर, भर पावसात गेलं. त्यानंतर तिनंच मला ओढत जुन्नरला आणलं होतं. पण खोलीत अजून चूल घातली नव्हती, तीन दगडांवरच रांधायची. शेजारणी हसायच्या. म्हाकू गेल्यावर ती मला म्हणाली, "ज्या दिशी हितंच ऱ्हायचं ठरंल, त्या दिशी मातीची चूल घालीन. तवर दगडंच बरी, टाकून जाताना जीव गुतत न्हाई. पन अवं, मला आता चालायचं न्हाई. लई चालले मी."

हे मी ऐकलं, पण हौद चालता ठेवणं काही माझ्या हातात नव्हतं.

नेमकं तेव्हाच पेठेतल्या शेठजींच्या मुलीचं लग्न ठरलं. शेठजी जैन. घराणं मारवाडातलं, पण इतक्या पिढ्या जुन्नरात गेलेल्या की बोलणं आमच्यासारखंच. ते स्वतः पडवीत आले.

"चांदभाई, गिरणीच्या कागदाला म्हणे जनावराचा सरस लावतात. माझ्या पोरीच्या कुंकुमपत्रिकेला हाडांचा चिकटा नको. तुमच्या कागदात कुठल्या जिवाचं काही नाही ना?"

"तांदळाची खळ आहे, शेठजी. चाटून बघा."

"चाटायचं कशाला. विश्वास आहे. फक्त आमचे दिवाणजी बसतील देखरेखीला."

ज्याच्यावर विश्वास असतो त्याच्यावर दिवाणजी का बसवतात, हे मला अजून कळलेलं नाही.

काम मोठं होतं. शेठजींचा गोतावळा पुण्यापासून नगरापर्यंत. आणि शेठजींनी कागद घेतला की बाकीची पेठ त्यांच्या मागं येते, हे चांदभाईंना ठाऊक होतं. ते मला एवढंच म्हणाले, "हे जमलं तर हौद चालेल. नाही जमलं तर तू मेंढ्या राख, मी बघतो माझं."

दिवाणजी आले ते छत्री घेऊन आणि नाकाला उपरणं लावून. त्यांनी आमच्या चार ढिगांकडं बघितलं आणि त्यांवर आणखी दोन सांगितले, मंगल आणि अमंगल. मग एकेक नग काठीनं उचलायला लागले.

"हे काय?"

"धोतर."

"ते दिसतंय. कुणाचं?"

"नारायणगावाकडच्या एका म्हाताऱ्याचं."

"कसा आहे म्हातारा?"

"बरा आसंल," ठकू म्हणाली. "वर कोन तरास देतंय."

धोतर अमंगलात गेलं. त्यामागोमाग सगळं पांढरं गेलं, कारण मघाशी सांगितलं तसं, पांढरं म्हणजे गेलेल्या माणसाचं. मग जाळी. जाळ्यात मासे मेलेले. दिवाणजी पडवीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिले आणि तिथूनच हात हलवला. मग दावी.

"हे बैलाचं," मी म्हणालो.

"चालेल. आणि हे?"

"बोकडाचं."

"बोकड कुठं आहे?"

"सगळीकडं हाय," ठकू म्हणाली. "थोडा थोडा, गावाच्या पोटात."

दावं गेलं. शेवटी सवाशिणींची लुगडी निघाली. दिवाणजींचा चेहरा उजळला. "हे मंगल. हे घ्या."

"पण ही हिरवी, तांबडी आहेत," चांदभाई म्हणाले. "पत्रिकेला पांढरा कागद पाहिजे ना?"

"मग पांढरी करा."

"दिवाणजी, सवाशिणीचं लुगडं पांढरं केलं तर ते मंगल राहील का?"

दिवाणजींनी छत्री उचलून काखेत मारली. मग जेवायला घरी गेले. दिवस मावळेपर्यंत अमंगलाचा ढीग आढ्याला लागला होता. मंगल ढिगावर पडवीतलं मांजर झोपलं होतं, आणि ढिगापेक्षा मांजर मोठं दिसत होतं.

त्या संध्याकाळी ठकू दगडांवर भाकरी भाजत होती. माझं तोंड पडलेलं. ती तव्याकडं बघत म्हणाली, "अवं, पोत्याला सुतक असतं का?"

"पोत्याला कसलं सुतक?"

"आन् सोयर?"

"नाही."

"मग शेठच्याच दुकानातली रिकामी पोती का न्हाई घेत? साखर, तांदूळ, डाळ. त्यांच्याच घरचं. त्यात कोन मेलंय?"

दुसऱ्या दिवशी हे दिवाणजींच्या कानावर घातलं. खोट काढायचा त्यांनी मनापासून प्रयत्न केला. पोत्याला गोत्र नाही, पोतं विधवा होत नाही, पोत्यात बोकड बांधत नाहीत. दुपारपर्यंत त्यांनी हार मानली. संध्याकाळी शेठजींच्या वखारीतून गाडाभर पोती आली.

आता पडवीचा रिवाज असा, की प्रत्येक नग उलटा करायचा, झटकायचा, हुंगायचा, मगच खड्ड्यात टाकायचा. ठकू या बाबतीत कुणाचं ऐकायची नाही. पण त्या दिवशी ती म्हणाली, "शेठच्या घरचं, दिवानजीनं पास केलेलं. ह्यात काय निवडायचं? पोतं म्हंजी पोतं." मीही म्हणालो, खरं आहे. चांदभाईंनीही मान हलवली. इतका शुद्ध माल आमच्या पडवीत कधी आला नव्हता, त्यामुळं त्याला हुंगायचं कुणाच्या मनातच आलं नाही. पोती सरळ चुन्यात गेली.

एक-दोन दिवसांनी सकाळी दिवाणजी आले, खड्ड्यात वाकून बघितलं, आणि त्यांच्या हातातली छत्री आत पडली. खड्डा लाल होता. बारीकसारीक लाल नाही. लालभडक.

"रगत," दिवाणजी म्हणाले. एरवी ते रक्त म्हणणारे. मग धोतराचा सोगा धरून पेठेकडं पळत सुटले.

मी चांदभाईंकडं बघितलं. ते खांबाला धरून उभे होते. "भाई, तू हात घाल आत. बघ काय आहे. मला धीर नाही."

मलाही नव्हता. "उंदीर पडला असंल," मी म्हणालो.

"एवढा उंदीर?" ठकू म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "अवं, खंडोबाचं काही ऱ्हायलंय का आपलं?"

आता हसू येतं. तेव्हा कुणी हसत नव्हतं. जैनाच्या लग्नाच्या कागदात रक्त, आणि खड्डा मुसलमानाचा. पेठेत ही बातमी एका दुकानातून दुसऱ्यात जायला किती वेळ लागणार? हौद तर फुटलाच असता. पण चांदभाईंना उद्या या गावात तोंड वर करून चालता आलं असतं की नाही, हे त्या खांबाला धरलेल्या हाताकडं बघितल्यावर मला कळत होतं. आरडाओरडा ऐकून म्हाकू काठी घेऊन नदीवरून आला. खड्ड्यात बघून म्हणाला, "ठके, बांध बोचकं." ठकू जागची हलली नाही.

पेठ आली. पुढं शेठजी, अनवाणी. मागं दुकानदार, हमाल, रिकामटेकडे. सगळ्यांच्या मागं एका छकड्यात शेठजींची आई. म्हातारीला दिसायचं कमी, पण घरात पान तिच्या शब्दावाचून हलत नसे. शेठजी खड्ड्याच्या काठाशी येऊन थांबले.

"काय आहे? मला कुणी सांगाल का?" म्हातारी म्हणाली.

"आई, तू घरी जा. बघण्यासारखं नाही."

"मला तसंही दिसत नाही. हात धर."

तिनं काठावर बसून लाल पाण्यात बोट बुडवलं. लोक मागं सरकले. तिनं बोट तळहातावर चोळलं, हुंगलं, परत हुंगलं. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते आहे.

"मेल्यांनो, हळद आहे ही. हळकुंडाची पोती चुन्यात घातलीत. लाल होणार नाही तर काय होईल?" मग जिकडून दिवाणजींचा दम लागल्याचा आवाज येत होता तिकडं तोंड करून म्हणाली, "काय रे, तुझं लग्न झालंय ना? घरात कुंकू कुठनं येतं असं वाटतं तुला? झाडाला लागतं?"

गर्दीतल्या बायका आधी हसल्या. मग हमाल हसले. मग शेठजींनी डोळे मिटून मोठा श्वास सोडला. चांदभाई खांब सोडून खाली बसले आणि पाणी मागितलं.

"चुन्यानं हळद लाल व्हती हे मला ठावं व्हतं," ठकू मला हळूच म्हणाली. "पन एवढी मोठी लाल व्हईल आसं वाटलं न्हवतं."

म्हातारीला ते कुंकवाचं पाणी इतकं आवडलं, की कागद असाच कुंकवाचा करा म्हणून बसली. चांदभाईंनी तिला समजावलं, की चुना धुतला की लाल जाणार, पिवळं तेवढं राहील, आणि उन्हात तेही निम्मं उडेल. "मग पिवळा राहू द्या," ती म्हणाली. "लग्नाच्या कागदालाही हळद लागली म्हणू."

कागद झाला तो फिक्कट पिवळा, ताज्या लोण्यासारखा. पत्रिका लिहून झाल्या, घरोघर गेल्या. आणि आठवडाभरात एक वेगळंच प्रकरण सुरू झालं. पत्रिका हातात घेणारे पान खाणारे लोक. बोटाला चुना. वाचता वाचता अंगठा टेकला, की कागदावर लाल अंगठा उमटायचा. आंबेगावचे एक वजनदार गृहस्थ पत्रिका रेशमी रुमालात बांधून शेठजींकडं घेऊन आले आणि म्हणाले, "देवीनं सही केली." शेठजी चांदभाईंकडं येऊन कानात कुजबुजले, "काय आहे हे?"

"चुना, शेठजी."

"बरं. कुणाला सांगू नका."

मग त्या लग्नसराईत ज्याला त्याला देवीच्या सहीचा कागद पाहिजे. एकजण तर म्हणाला, अंगठा नवऱ्याकडच्यांनी लावला तरच उमटावा, असं काही करता येईल का. कोरडा पडलेला हौदही पाण्यानं भरला. हळदीची पोती आम्ही मुद्दाम वेगळी काढायला लागलो, आणि चांदभाईंनी त्यांना अव्वलाच्याही वर बसवलं.

म्हाकू कोकणात निघाला, तेव्हा ठकू नदीपर्यंत त्याच्याबरोबर गेली. बराच वेळ झाला तरी परत येईना. मी दारात बसून राहिलो. भावाचं मन मोडवेना म्हणून गेली की काय, असंही वाटून गेलं. ती आली तेव्हा तिच्या डोक्यावर ओल्या मातीची पाटी होती. डोळे लाल होते. खोलीतले तीन दगड उचलून तिनं दाराबाहेर फेकले आणि चूल घालायला बसली.

"मी मळून देऊ का माती?"

"तुमी चिंध्या निवडा. मातीला तुमचा हात लागला की तिला भेग पडती."

पुढं गिरणीच्या कागदानं आमचं काम संपवलंच. चांदभाई गेले, पडवी पडली, मी बाजारात हमाली केली. खोली मात्र आम्ही सोडली नाही, आणि चूलही तीच. दरसाल ठकू तिला माती लावायची आणि मला तिच्या जवळ फिरकू द्यायची नाही.

यंदा श्रावणात चुलीची एक बाजू ढासळली. सून म्हणाली, "राहू द्या मामंजी, स्टोवर करते मी तुमचं." मी ऐकलं नाही. नदीवरून माती आणली, मळली, लावली. वाळल्यावर बघतो तर चूल एका अंगाला कलंडलेली. पातेलं ठेवलं की जाळ एकीकडंच लागतो आणि भात अर्धाच शिजतो. शिजलेल्या बाजूचा मी वाढून घेतो. दोघांपुरते तांदूळ टाकायची सवय अजून गेलेली नाही, त्यामुळं तेवढा मला पुरतो.